पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे बहुधा निंदेच्या स्वरात वापरली जाते. ज्याला गाव नाही, ज्याला उसने दिले तर परत मिळेल याचा भरवसा नाही, अशा माणसासंबंधी ती बोलली जाते. परंतु सांप्रत गंमत अशी की, ज्यांना चांगले घर आहे अशीच काही सुशिक्षित मंडळी हे बिऱ्हाड स्वखुशीने पाठीवर घेऊ पाहत आहेत. निजावयाची जागा, स्वयंपाकाची ओटी, न्हाणी, सर्व काही एका मोठ्या मोटारीत बसवून बारा महिने त्या मोटारीतच राहावयाचे, अशी ही कल्पना आहे. अमेरिकेत व युरोपात ही रीत चांगलीच रुळली आहे. आपल्याकडे अशा गाडीला कॅराव्हॅन म्हणतात, व महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. ते धोरण सहलीपुरते आहे. आमचा विषय कायमच्या राहण्याचा आहे.

ख्रिस्ती कुटुंबांत हा विचार निघाला म्हणजे त्यास आणखी एक कारण जोडले जाते, आणि आमच्या लेखाचा रोख त्या कारणावर आहे. मुलुंडला वा बोरिवलीला दोन खोल्यांची जागा घ्यावी, तिचे हप्ते वीस वर्षे फेडावेत, पहाटेची लोकल गाठावी, रात्री दमून परत यावे, आणि रविवारी उपासनेत बसल्यावरही डोक्यात सोमवारचे काम घोळत असावे. अशा जीवनात प्रार्थनेला जागा उरत नाही. तेव्हा ती जागाच सोडावी, गरजा चार पेट्यांत मावतील इतक्या कराव्यात, आज डोंगरापाशी तर उद्या समुद्रापाशी पवित्र शास्त्र उघडावे, आणि देवाच्या भरवशावर पुढचा मुक्काम करावा, म्हणजे श्रद्धा दृढ होईल, असे हे म्हणणे आहे. ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. उपनगरांत माणसाचा जीव किती पिळून निघतो हे, ज्यांनी सायंकाळी गर्दीच्या वेळी अंधेरीच्या किंवा घाटकोपरच्या पुलावर पाऊल टाकले आहे, त्यांस सांगावयास नको. आणि विद्यार्थिमित्रहो, हा प्रश्न केवळ वडीलधाऱ्यांचा आहे असेही समजू नका. घराला चाके लागली की त्या घरातील मुलांच्या शाळेतल्या बाकालाही चाके लागतात.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. रस्ता श्रद्धा देत नाही. असलेली श्रद्धा तो उघडी करून दाखवितो, आणि क्वचित हिरावूनही घेतो. ती वाढते ती बरोबर निघालेल्या माणसांमुळे व वाटेत भेटणाऱ्या माणसांमुळे. या दोघांशीही जो बांधलेला राहील त्याने खुशाल चाकांवर राहावे. ज्याला या दोघांपासूनच सुटका हवी आहे, त्याने मुलुंडलाच राहून हप्ते फेडलेले बरे.

पवित्र शास्त्र हे पुष्कळ अंशी वाटसरूंचे पुस्तक आहे. अब्राहाम राहुटीत राहिला. इस्राएल लोक चाळीस वर्षे रानात फिरले, व त्यांच्याबरोबर देवाचा निवासमंडपही खांब, दोर व पडदे यांसह उचलला जात असे. पुढे कनान देशात पक्की घरे मिळाल्यावरही वर्षातून सात दिवस डहाळ्यांच्या मांडवात राहावे असा त्यांस नियम होता. भिंतींच्या आड गेल्यावर वाटेचा विसर पडू नये हा त्यातला हेतू. यिर्मयाच्या ग्रंथात रेखाबी नावाच्या कुळाची हकिकत आहे. पूर्वजाच्या आज्ञेवरून ते घर बांधीत नसत, पेरणी करीत नसत, तंबूंतच राहत. पौल राहुट्या करण्याच्या धंद्यावर पोट भरी. आणि प्रभूला तर डोके टेकावयास स्वतःची जागा नव्हती. इतके दाखले हाताशी असता फिरत्या बिऱ्हाडाच्या बाजूने बोलणे सोपे आहे. परंतु हे दाखले जरा जवळून पाहावेत. अब्राहाम निघाला तो सारा, पुतण्या लोट, दासदासी, गुरेढोरे, सर्वांना घेऊन. रेखाब्यांचे सारे कूळ एकत्र होते. रानातला मान्ना रोज सकाळी गोळा करावा लागे, पण तो तंबूतील माणसे मोजून. ज्याने अधिक गोळा केला त्याच्यापाशी काही अधिक उरले नाही. कोणास न सांगता एकट्याने निघालेला प्रवासी शास्त्रात शोधू गेल्यास आमच्या डोळ्यांपुढे प्रथम योना येतो, आणि तो तर देवापासूनच पळत होता.

आता शास्त्राकडून आपल्या देशाकडे वळू. ज्यांचे बालपण व ऐन तारुण्य रस्त्यावर गेले अशी महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासातील सर्वांत थोर व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ साली सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, त्यापायी स्वजातीयांचा रोष पत्करला, आणि रानात आश्रम करून राहिले. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असता हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले ते कायमचेच. वेताच्या पेटाऱ्यात घालून, माणसाच्या डोक्यावरून आपल्याला डोंगराखाली आणले, असे रमाबाईंनीच लिहून ठेविले आहे. मग वर्षानुवर्षे हाच क्रम चालला: एखाद्या देवळात वा नदीच्या घाटावर मुक्काम करावा, पुराण वाचावे, ऐकणाऱ्यांनी जे ठेविले त्यावर निर्वाह करावा व पुढच्या क्षेत्राची वाट धरावी. घर नव्हते तरी शाळा होती. आईने वाटेवरच मुलीला संस्कृत शिकविले, व ते इतके पक्के शिकविले की, पुढे कलकत्त्याचे पंडित चकित झाले. फिरतीवर मुलांचे शिक्षण होतच नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. मात्र तेथे शिकविणारी आई स्वतः विदुषी होती, हेही विसरू नये.

पुढे १८७४ च्या सुमारास दुष्काळ पडला. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरली ती दोन भावंडे, रमाबाई व श्रीनिवास. ती दोघे पायी हिंदुस्थानभर फिरली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री अंगावर घालावयास पुरेसे वस्त्र नसल्यामुळे त्यांनी वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणले, त्यांत निजून डोक्याखेरीज सर्व अंग वाळूने झाकून घेतले आणि रात्र काढली. ज्यांना आज बिछाना, दिवा व पंखा असलेल्या गाडीतून देवाचा शोध करावयाचा आहे त्यांनी हे दोन खड्डे एकवार डोळ्यांसमोर आणावेत. आणि या सर्व यातायातीचे धार्मिक फळ काय मिळाले? रमाबाईंनी ते स्पष्ट सांगितले आहे. सांगितलेली सर्व व्रते केली, सर्व क्षेत्रे पाहिली, आणि बाळपणापासूनची श्रद्धा वाटेत गळून पडली. १८७८ साली ती भावंडे कलकत्त्यास पोचली तेव्हा त्यांच्यापाशी विद्या होती, कीर्ती लवकरच आली, परंतु अंतःकरणातील जुना आधार गेलेला होता. हे उदाहरण आम्ही मुद्दाम आधी घेतले. वाट चालल्याने देव जवळ येतोच, असा नियम नाही.

त्यानंतर भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह दोन वर्षेही टिकला नाही, कारण पतीही कॉलऱ्याने गेले. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. तेथील भगिनी मंडळाचे ज्या स्त्रियांना समाजाने टाकले त्यांच्यासाठी चाललेले काम पाहून आपल्या मनावर मोठा परिणाम झाला, असे त्या सांगतात. सारा हिंदुस्थान पायांखाली घालून जे गवसले नाही, ते एका घरात, दुसऱ्यांसाठी झिजणाऱ्या बायांपाशी गवसले. आणि रस्त्याची इतकी ओळख असलेल्या या बाईंनी पुढे काय केले? त्यांनी भिंती बांधल्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले, पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. नंतर केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १८९६ च्या दुष्काळात त्या पुन्हा प्रवासास निघाल्या, पण या वेळी मध्य प्रांतातील निराधार मुलींना गोळा करून केडगावास आणण्यासाठी. ज्या दुष्काळाने त्यांना अनाथ केले होते तसल्याच दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना घर दिले. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचा मुक्काम केडगावीच होता, आणि पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्यांनी तेथे बसूनच पुरे केले.

मग चाकांवर राहून देवाचे काम कोणी केलेच नाही काय? केले, व उत्तम केले. अमेरिकेत पश्चिमेकडे लोहमार्ग पसरू लागले तेव्हा रुळांच्या कडेला नवी गावे उगवत. तेथे दुकान असे, दारूचा गुत्ता असे, परंतु प्रार्थनेस जागा नसे. तेव्हा बॅप्टिस्ट मंडळीने आगगाडीचा एक डबाच मंदिर म्हणून बांधविला. १८९१ साली सिन्सिनाटी येथे त्याचे समर्पण झाले. नाव ‘इव्हँजेल’, म्हणजे सुवार्ता. डब्याच्या मोठ्या भागात बाके, व्यासपीठ व बाजाची पेटी, आणि एका टोकाला मिशनरी व त्याची पत्नी यांची निजावयाची व स्वयंपाकाची इवलीशी जागा, अशी रचना होती. असे सात डबे त्या मंडळीने पुढे चालविले. आजच्या फिरत्या मोटारघराचा हा एक आजोबाच म्हणावयाचा. या डब्यांच्या कामाची पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. डबा बाजूच्या रुळावर उभा करीत. तेथे उपासना होई, मुलांची रविवारची शाळा भरे, आणि गावात मंडळी स्थापून तिला स्वतःचे छप्पर मिळावे यासाठी खटपट चाले. मग डबा पुढच्या गावी जाई. चाके होती ती थांबण्यासाठी, असे म्हटले तरी चालेल.

आपल्याकडील जुन्या मिशनांची फिरतीही याच जातीची होती. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस आले. त्यांपैकी गॉर्डन हॉल हे १८२६ च्या मार्च महिन्यात फिरतीवर नाशिककडे गेले असता तेथे पटकीची साथ चालू होती. जवळची औषधे त्यांनी रोग्यांस वाटली, आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. पुढील काळात हिवाळा लागला की अहमदनगर व सोलापूर जिल्ह्यांतील मिशनरी राहुट्या व भांडीकुंडी बैलगाडीत घालून खेडोपाडी निघत, आंब्याच्या सावलीत राहुटी ठोकीत. बरोबर देशी उपदेशक व बायबल शिकविणाऱ्या बाया असत. पाऊस जवळ आला की सर्वजण ठाण्यावर परत. या फिरतीत कोणी ‘मी स्वतःला शोधावयास निघालो’ असे म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही.

आता थोडा नाजूक विषय. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याविषयी आमच्या मनात परम आदर आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळी ज्यांची भजने गाते त्यांच्याविषयी तो कोणाला नसेल? त्यांची ख्रिस्ताशी पहिली खरी गाठ चालत्या गाडीतच पडली. १८९३ साली राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले, त्याने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या पायाला भिंगरी होती. मनात आले की निघावे, घरी सांगितलेच तर सांगावे, हा त्यांचा स्वभाव. त्याची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात सांगितली आहे, आणि ती विनोदाने सांगितली आहे म्हणून तिचे दुःख कमी होत नाही. नवऱ्याचा बाप्तिस्मा झाल्यावर ही बाई पदरात मूल घेऊन काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिली. पुढे ती आपल्या पायांनी अहमदनगरास आली, आपल्या बुद्धीने विचार केला, आणि १९०० साली तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवरा पुढे धावला म्हणून तिची श्रद्धा वाढली असे नव्हे. तिची वाट तिला वेगळी व एकटीनेच चालावी लागली.

त्याच टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली व ख्रिस्ती संन्यास घेतला. साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य त्यात यावेत, ही त्यांची इच्छा. या वेळी लक्ष्मीबाई बरोबर होत्या. संन्यास घेतला, पण बायकोला टाकून नव्हे. १८९५ चे टिळक व १९१७ चे टिळक यांत जो फरक पडला तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. आम्ही नम्रपणे इतकेच सुचवितो की, त्या पुलावर लक्ष्मीबाईंसाठीही जागा करावी लागते हे त्यांस पुढे उमगले असावे.

म्हणून फिरत्या बिऱ्हाडाचा विचार करणाऱ्या प्रत्येक गृहस्थास आम्ही हा प्रश्न विचारू: घरातील इतरांना विचारले काय? विचारले म्हणजे निर्णय कळविला, असे नव्हे. नववीत असलेल्या मुलीचे म्हणणे काय? तिची मैत्रीण, तिची संगीताची शिकवणी, तिची पुढली परीक्षा, यांचे काय? घरातील वृद्ध आजीचे काय? तिला रात्री तीनदा उठावे लागते, तिचा डॉक्टर घाटकोपरला आहे, आणि तिच्या साठ वर्षांच्या ओळखी त्याच गल्लीत आहेत. आजीला धाकट्या भावाकडे ठेवून देवाच्या शोधार्थ निघालेली गाडी कितीही सुंदर असली, तरी तिच्या एका चाकात हवा कमीच राहणार.

सबंध समाजच एकत्र हलला तर काय होते, याचे उदाहरण आमच्या अंधेरीतच आहे. आज जेथे सीप्झची कारखानदारी आहे, त्या आवारात बाप्तिस्ता योहानाच्या जुन्या चर्चचे अवशेष उभे आहेत. ते जेसुइट धर्मगुरूंनी १५७९ साली बांधले. तेथील लोक साष्टीचे मूळचे शेतकरी, आजच्या ईस्ट इंडियन समाजाचे पूर्वज. १८४० च्या सुमारास साथीचा रोग आला, आणि सर्व वस्ती गाव सोडून मरोळला गेली. जाताना त्यांनी मूर्ती, वेदी, खांब, इतकेच काय पण बाप्तिस्म्याचे कुंडही बरोबर नेले. ज्या कुंडात आजोबांचा बाप्तिस्मा झाला त्याच कुंडात नातवाचा व्हावा, म्हणून ते जड दगड वाहून नेणाऱ्या त्या शेतकऱ्यांना ‘प्रवासात श्रद्धा कशी जपावी’ यावर व्याख्यान देण्याची गरज नव्हती. जुन्या जागी अजूनही मे महिन्यात सणाची मिस्सा होते, व मरोळचे लोक तेथे जातात.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्याच महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणारे लोक आहेत: नंदीवाले, घिसाडी, वैदू, मेंढरांमागे जाणारे धनगर. त्यांच्या फिरण्यास कोणी अध्यात्म म्हणत नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ साली कायदा करून यांच्यासारख्या कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण संशय अद्याप गेलेला नाही. या जमातींसाठी ज्या वसाहती काढल्या त्यांपैकी काही मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनी चालविल्या, हे आपण ख्रिस्ती लोकांनी मान खाली घालून वाचावे असे पान आहे. पैसेवाल्याची गाडी माळावर उभी राहिली की लोक कौतुकाने पाहावयास येतात. घिसाड्याचे पाल त्याच माळावर पडले की पोलिसपाटलास बोलावणे जाते. ज्या ख्रिस्ती कुटुंबास चाकांवर राहून श्रद्धा वाढवावयाची आहे, त्याचा पहिला शेजारी कोण, हे येथे वेगळे सांगावयास नको.

व्यवहाराच्या अडचणी थोडक्यात सांगतो, कारण त्या ज्याच्या त्याला लवकरच कळतात. मुंबईच्या उपनगरांत साधी मोटार उभी करावयास जागा नाही, तेथे घर कोठे उभे करणार? पाणी टाकीत मावेल तेवढेच. सांडपाणी व मैला यांची विल्हेवाट लावावयाची सोय आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी. मे महिन्यात पत्र्याची गाडी भट्टीसारखी तापते; आषाढात कोकणातल्या घाटांतून ती नेणे म्हणजे कसोटीच. आणि सर्वांत मोठी अडचण पत्त्याची. शिधापत्रिका, बँक, मतदारांची यादी, शाळेचा प्रवेश, सर्वत्र पहिला प्रश्न ‘राहता कोठे?’ हाच. मुलांच्या परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट आहे, व काहींना ती मानवेल. परंतु आंतरशालेय सामने आणि वर्गातील शेजाऱ्याशी भांडण करून पुन्हा समेट करणे, यांची परीक्षा ती संस्था घेऊ शकत नाही.

त्याहून सूक्ष्म अशी एक अडचण आहे, आणि ती थेट श्रद्धेचीच आहे. दर रविवारी नव्या गावी, नव्या मंडळीत उपासनेस बसणारा मनुष्य सर्वत्र पाहुणा असतो. पाहुण्याला पुढची खुर्ची मिळते, चहा मिळतो, गोड शब्द मिळतात. त्याचे दोष कोणी सांगत नाही, कारण कोणास ते ठाऊकच नसतात. आपल्या जुन्या मंडळीत मात्र तुमचा ताठा, तुमची चिक्कू वृत्ती, गेल्या नाताळातील तुमचे भांडण, सर्व काही लोकांस माहीत असते, आणि तरीही प्रभुभोजनाच्या वेळी ती माणसे तुमच्या शेजारी बसतात. तेथे कोणी आजारी पडले तर तुम्हांस जावे लागते. कोणी वारले तर रात्री जागावे लागते. क्षमा करणे व क्षमा घेणे या गोष्टी एका मुक्कामाच्या ओळखीत शिकता येत नाहीत. वारकऱ्यांचे पाहा: तेही आषाढी वारीत पंधरा-वीस दिवस चालतात, पण आपापल्या दिंडीतून, जागा ठरलेली, ओळखीची माणसे पुढेमागे. आणि पंढरपूर झाले की गावी परततात.

एवढे लिहिल्यावर कोणी म्हणेल, हे तर विरोधीच मत झाले. तसे नव्हे. फिरत्या घरातून जे मिळते त्याची किंमत आम्ही जाणतो. एक बादली पाण्यात चौघांचे भागवावे लागले की पाण्याबद्दल देवाचे आभार मानण्याची सवय लागते. वेगळी खोली नसल्यामुळे रुसून दार लावून घेता येत नाही. भांडण सूर्यास्तापूर्वीच मिटवावे लागते. सामान कमी झाले की चिंताही कमी होते, हे खरेच आहे. शिवाय उपनगरातील ख्रिस्ती मुलांना जालना, राहुरी, वसई येथील मंडळ्या केवळ नावाने ठाऊक असतात. चार-पाच खेड्यांच्या मंडळ्या एकटा सांभाळणारा पाळक, मोटारसायकलवरून एका उपासनेहून दुसरीकडे कसा धावतो, हे आमच्या मुलांनी पाहिलेले नाही. एखाद्या कुटुंबात परिचारिका आहे, कोणाला पेटी वाजविता येते, कोणाला संगणक शिकविता येतो. अशा कुटुंबाची गाडी एका खेड्यात महिना-दोन महिने उभी राहिली, तर त्या खेड्याला तिचा उपयोग होईल व तिला त्या खेड्याचा. इव्हँजेल डब्यासारखी बाजूच्या रुळावर थांबणारी गाडी आम्हांस हवी आहे.

तेव्हा ज्यांच्या मनाने घेतलेच आहे त्यांस आमची विनंती अशी. जागा एकदम विकू नये. पहिली फेरी मे महिन्याच्या सुटीत, भाड्याच्या गाडीने, तीन आठवड्यांची करावी, आणि तीही एकाच तालुक्यात. मार्ग ठरविताना घरातील सर्वांत धाकट्या मुलाला एक मुक्काम निवडू द्यावा व आजीला एक. निघण्यापूर्वीच्या रविवारी आपल्या मंडळीला सांगावे, तेथील दोन माणसांनी दर आठवड्यास आपली चौकशी करावी अशी व्यवस्था करावी, आणि मंडळीतील ज्याच्याशी बोलणे बंद असेल त्याच्या घरी आधी जाऊन यावे. ज्या खेड्यात रविवार येणार तेथील पाळकास अगोदर पत्र टाकावे. गाडी कोठे उभी करावी, पिण्याचे पाणी कोणत्या विहिरीचे घ्यावे आणि गावाबाहेरच्या पालांत या दिवसांत कोण आजारी आहे, हे त्यांच्याकडून कळेल.